मॉन्स्टर ट्रकचं काय तुटावं, हे आधी ठरवा

एप्रिलमधली दुपार. भाचा त्याचा रिमोटचा मॉन्स्टर ट्रक काखेत मारून आमच्या घरी आला आणि पायरीवर बसत म्हणाला, "मामा, लैच हळू पळायलंय ओ हे. ब्रशलेस टाकूया की."

ट्रक १/१० मापाचा, म्हणजे खऱ्या गाडीच्या एकदशांश. चाकं मोठ्या डाळिंबाएवढी, प्लास्टिकची चासी, वरून पारदर्शक प्लास्टिक रंगवून केलेली बॉडी. आत '५४०' आकाराची ब्रशवाली मोटर आणि ७.२ व्होल्टची निकेल बॅटरी. दुकानातून आणल्यावर असं वाहन ताशी वीस-पंचवीसनं पळतं. पहिले दोन महिने तेवढं पुरतं, तिसऱ्या महिन्यात यूट्यूब सुरू होतं.

माझे वडील यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे माग जुळवणारे-दुरुस्त करणारे मिस्त्री. मागाचा एखादा भाग तुटला की तो हातात घेऊन ते आधी त्याच्या शेजारचा भाग बघायचे. तुटलेल्या दात्याशी त्यांचं भांडण नसायचं, त्याच्यावर जोर कुठून आला ते त्यांना हवं असायचं. ट्रकचं अपग्रेड समजून घ्यायला एवढी सवय पुरते. बॅटरीतून निघालेली ताकद आधी ईएससीत जाते (वीज कमी-जास्त सोडणारा डबा), तिथून मोटर, पिनियन, मोठा स्पर गिअर, स्लिपर क्लच, डिफरन्शियल (चाकांत ताकद वाटून देणारे गिअर), ड्राइव्ह शाफ्ट, चाकामागचा षटकोनी हेक्स, टायर, आणि शेवटी माती. एक कडी मजबूत केली की जोर पुढच्या कडीवर जातो. तुटणं थांबत नाही, तुटायची जागा बदलते. ती जागा कुठं असावी हे आपण ठरवायचं, की धडकेच्या दिवशी ट्रकनं ठरवायचं, एवढाच प्रश्न.

वेग येतो कुठून

ब्रशवाल्या मोटरीत कार्बनचे दोन तुकडे फिरत्या तांब्याला घासत वीज पोहोचवतात. घरच्या मिक्सरमध्ये असतात तेच कार्बन. घासतात म्हणून झिजतात, तापतात. ब्रशलेसमध्ये तारांची गुंडाळी जागेवर राहते आणि चुंबक फिरतो. कोणत्या गुंडाळीला कधी वीज द्यायची ते ईएससी ठरवतो. म्हणून मोटरीला दोनऐवजी तीन वायरी. जोडल्यावर ट्रक उलटा पळाला तर घाबरू नका, मोटरीला वेगळी सेन्सरची वायर नसेल तर तिन्हीतल्या कुठल्याही दोन वायरी आपसात बदला. (हा उपाय फक्त मोटरीच्या वायरींसाठी. बॅटरीच्या लाल-काळ्या उलट्या लावल्या तर ईएससीचा धूर निघतो आणि तो परत आत भरता येत नाही.)

ब्रशलेस मोटरीवर 'केव्ही' लिहिलेलं असतं. त्याचा किलोव्होल्टशी संबंध नाही. मोकळी फिरवली तर एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे, तो हा आकडा. भाच्यानं निवडलेली मोटर ३३०० केव्हीची. दोन सेलच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचे ७.४ व्होल्ट धरले तर ७.४ गुणिले ३३००, म्हणजे मिनिटाला २४,४२० फेरे. गिअरांचा एकूण रेशो १५ ला १ धरला तर चाकाला १,६२८ फेरे मिळतात. टायरचा व्यास साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे घेर साधारण ३९. गुणाकार केला की मिनिटाला ६४० मीटर, ताशी ३८ किलोमीटर. तीच मोटर, तेच गिअर आणि तीन सेलची ११.१ व्होल्टची बॅटरी लावली तर ताशी ५७. जमिनीवर वजन ओढताना प्रत्यक्षात याहून कमी भरतं, पण अंदाजाला एवढं पुरे.

३८ चे ५७, म्हणजे दीडपट. धडकेचा जोर मात्र वेगाच्या वर्गानं वाढतो, दीडचा वर्ग सव्वादोन. भाच्याला मी दुसऱ्या भाषेत सांगितलं: ताशी ३८ नं भिंतीवर आपटणं म्हणजे ट्रक जवळजवळ सहा मीटरवरून, दुमजली घराच्या गच्चीवरून खाली टाकणं. ५७ नं आपटणं म्हणजे तेरा मीटरवरून, चौथ्या मजल्यावरून. त्यानं मान वर करून समोरच्या अपार्टमेंटकडं बघितलं. "मग आधी काय बदलायचं?"

आधी बेअरिंग, मग बाकीचं

स्वस्त ट्रकमध्ये चाकाच्या आत बेअरिंगऐवजी प्लास्टिकचे किंवा पितळी बुश असतात. ते काढून बॉल बेअरिंग घालणं हे पहिलं काम. घर्षण कमी होतं, चाकाची डुगडुग थांबते, त्याच बॅटरीवर ट्रक जास्त वेळ चालतो. यासाठी ट्रकच्या कंपनीचं पाकीट मागवायची गरज नाही. बुश काढून व्हर्निअरनं आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजायची. ५ × ११ × ४ मिलिमीटर आलं तर ते 'एमआर ११५', १० × १५ × ४ आलं तर '६७००'. नंबराच्या शेवटी '२ आरएस' लिहिलेलं घ्यायचं, म्हणजे दोन्ही बाजूंना रबराचं सील. आपल्याकडच्या धुळीत उघडं बेअरिंग महिनाभरात दाणे दळल्यासारखं वाजायला लागतं. सोलापुरात बेअरिंगच्या दुकानांना तोटा नाही, माग आणि एमआयडीसी दोन्ही त्यांच्यावरच चालतात. काउंटरवर ट्रकचं नाव सांगू नका, फक्त नंबर सांगा.

पिनियन, आणि वहीचा कागद

मोटरीच्या दांड्यावरचं छोटं चाक म्हणजे पिनियन, त्याला लागून फिरणारं मोठं चाक म्हणजे स्पर. पिनियनचे दात वाढवले की वेग वाढतो, मोटर तापते. कमी केले की वेग उतरतो, ओढ वाढते, मोटर थंड राहते. आपल्या गावात हे समजावणं सोपं. मागावर जॉबर चेंज पिनियन बदलतो आणि त्याच मागावर कापडाची वीण दाट-विरळ होते. मोटर तीच, पट्टा तोच. दातांच्या त्या छोट्या तुकड्यात सगळं गणित बसलेलं असतं.

तीन सेलवर जायचं असेल तर आधी पिनियन लहान करा. १८ दातांच्या जागी १५ चं घातलं तर वरचे ५७ उतरून ४८ वर येतात. भाच्याला हे पटलं नाही. वेग वाढवायला बॅटरी घ्यायची आणि मग पिनियननं तो कमी करायचा? पण जे उरतं ते जास्त उपयोगाचं: मुरुमाच्या ढिगावर चढताना ट्रक अडखळत नाही आणि मोटर हाताला सोसते.

पिनियन घेताना पिच, म्हणजे दातांचं माप, जुळतोय का बघा. ३२ पिच स्परला ३२ पिचच पिनियन लागतं. ४८ चं बसल्यासारखं दिसतं, दोन मिनिटं चालतं आणि दात खातं.

आता बसवण्याचं काम. मोटर सैल ठेवायची. वहीच्या एका कागदाची बोटभर रुंदीची पट्टी फाडून पिनियन आणि स्परच्या मध्ये सरकवायची. मोटर स्परकडं दाबायची, दाबलेली असतानाच तिचे दोन्ही स्क्रू आवळायचे. मग स्पर हातानं फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर घड्या पडलेल्या दिसल्या पाहिजेत, साडीच्या निऱ्यांसारख्या, पण कागद फाटता कामा नये. फाटला तर फार घट्ट. गिअर रडतील, मोटर तापेल. घडी उमटलीच नाही तर फार सैल. पहिल्या उडीत स्परचे दात साफ. हे स्परच्या चार वेगवेगळ्या जागी करून बघा, कारण प्लास्टिकचा स्पर पुष्कळदा किंचित लंबगोल निघतो. भाच्यानं पहिल्यांदा एकाच जागी तपासलं. अर्ध्या फेऱ्यात आवाज बदलायचा, हुं-ऊं, हुं-ऊं, आणि तो म्हणे मोटरच तशी आहे.

पिनियनचा छोटा स्क्रू मोटरीच्या दांड्यावर जिथं सपाट घासलेलं असतं तिथंच आला पाहिजे. त्याला निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणारा गम) एक थेंब लावा. धातूत धातू जातो तिथंच थ्रेडलॉकर, प्लास्टिकवर नको. काही प्लास्टिक त्यानं ठिसूळ होतं.

स्लिपर म्हणजे लूज रीड

मागावर धोटा मध्येच अडकला तर फणी मागं सरकते आणि ताणा वाचतो. जॉबर लोक त्याला लूज रीड म्हणतात. ट्रकमध्ये तेच काम स्लिपर क्लच करतो. स्परला लागून एक चकती, एक स्प्रिंग आणि एक नट. एकदम जोर आला, किंवा फिरत्या चाकासकट ट्रक उडीवरून खाली आला, की चकती थोडी घसरते आणि पुढचे गिअर वाचतात. स्लिपर असलेल्या ट्रकमध्ये सगळ्यात मोलाचा नट हाच, आणि 'पॉवर वाया जाते' म्हणून पोरं नेमका हाच पिळून बंद करतात. नट पूर्ण आवळा, मग अर्धा फेरा सैल करा. जागेवरून फुल थ्रॉटल दिला की फूटभर अंतरापर्यंत बारीक किंचाळी ऐकू आली पाहिजे. आलीच नाही तर घट्ट आहे. किंचाळतच राहिली तर सैल. चकती जळते आणि वास सांगतो. काही ट्रकमध्ये स्लिपर नसतो, त्याच्या जागी मधलं डिफरन्शियल हे काम थोडंफार करतं.

उडीवरून उतरताना बोट थ्रॉटलवर ठेवू नका, हे अपग्रेड फुकट आहे. हवेत गॅस दिला की ट्रकचं नाक वर जातं, ब्रेक मारला की खाली येतं, चाकांच्या गरगरण्याचा तो परिणाम. त्याचा उपयोग ट्रक सरळ करायला जरूर करावा. पण चाकं टेकायच्या क्षणी थ्रॉटल सोडलेला हवा.

ॲल्युमिनियमचा मोह

माझी स्वतःची चूक सांगतो. पूर्वी माझ्याकडं एक ट्रक होता, त्याचे पुढचे प्लास्टिकचे आर्म (चाकाला धरून ठेवणारे हात) दोनदा तुटले. वैतागून मी निळे चमकणारे ॲल्युमिनियमचे आर्म मागवले. देखणे होते. विजापूर रोडकडच्या एका मोकळ्या प्लॉटवर ट्रक नाल्याच्या कठड्याला धडकला. आर्मला ओरखडासुद्धा नाही. आर्म ज्यात बसतो तो पुढचा खोका उभा चिरला, आतलं डिफरन्शियल वाकडं, आणि सुटा भाग आर्मच्या चौपट महाग. वर तो भाग यायला तीन आठवडे.

चांगलं नायलॉन वाकतं आणि परत जागेवर येतं. ॲल्युमिनियम वाकलं की वाकलेलंच राहतं, आणि वाकलं नाही तर सगळा धक्का आत पाठवतं. म्हणून बाहेरचे भाग, म्हणजे आर्म आणि बंपर, चांगल्या प्लास्टिकचेच ठेवावेत. धातू आत घालावा, जिथं झीज होते आणि पीळ बसतो: डिफरन्शियलचे गिअर, ड्राइव्ह शाफ्ट, चाकांचे हेक्स. १/१० ट्रकला साधारण १२ मिलिमीटरचा हेक्स असतो. ब्रशलेसच्या झटक्यानं प्लास्टिकचा हेक्स आतून गोल होतो, मग मोटर ओरडते आणि चाक जागेवर. हा बदल स्वस्त आहे, मोटरीबरोबरच करून टाका.

सर्वोचंही तसंच. चाकं वळवणारी ही छोटी मोटर. तिची ताकद किलो-सेंटिमीटरमध्ये सांगतात. मोठ्या टायरला मूळची तीन-चार किलोची सर्वो पुरत नाही, पंधरा किलोची मेटल गिअरवाली घ्या. पण तिच्या आणि चाकांच्या मध्ये स्प्रिंगवाला सर्वो सेव्हर असतो, तो काढू नका. इथंही तोच लूज रीड.

बॅटरी

इथं थट्टा नाही. लिपो सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टला येतो, पळताना ३.२ ते ३.४ च्या खाली जाऊ द्यायचा नाही, आणि ठेवून द्यायचा तर ३.८ ला. ईएससीत बॅटरीचा प्रकार निवडायची सेटिंग असते. ती निकेलवर राहिली आणि तुम्ही लिपो लावली, तर ईएससी वेळेवर थांबवत नाही आणि पहिल्याच दिवशी बॅटरी मरते. नवी लिपो लावण्याआधी ही सेटिंग बघा, मग दुसरं काही. दोनच सेलची परवानगी असलेल्या ईएससीला तीन सेल लावू नका, हेही ओघानं आलं.

चार्जिंग नेहमी बॅलन्स चार्जरवर, छोट्या पांढऱ्या प्लगची वायर लावून, म्हणजे प्रत्येक सेल वेगळा मोजला जातो. ५,००० एमएएचच्या बॅटरीला ५ अँपिअर, त्यापेक्षा घाई नको. मी मातीच्या मोठ्या कुंडीत तळाला वाळू घालून त्यात बॅटरी ठेवतो, समोर बसून चार्ज करतो, झोपताना कधीच नाही. फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही, 'थोडीच फुगलीय' असली तरी. आणि मे महिन्यात दुपारी बंद कारमध्ये किंवा स्कूटरच्या डिकीत ती विसरू नका.

कनेक्टर बदलताना एका वेळी एकच वायर कापा, सोल्डरचा डाग द्या, झाका, मग दुसरी. दोन्ही एकदम कात्रीत धरल्या तर कात्रीच कनेक्टर होते.

आपला उन्हाळा, आपली माती

परदेशी व्हिडिओंमधले सल्ले सोलापुरात जसेच्या तसे लागू पडत नाहीत. डिसेंबरात हवा २८ अंश असताना मोटर ७० पर्यंत तापत असेल, तर एप्रिलमध्ये ४२ अंशाला तीच मोटर, त्याच गिअरवर, ८४ च्या आसपास जाते. ८० च्या वर गेलं की आतल्या चुंबकाची चिंता सुरू करावी. फार तापलेला चुंबक थंड झाल्यावरही पहिल्यासारखा होत नाही. म्हणून उन्हाळ्यात एक-दोन दात कमी, दोन बॅटऱ्यांमध्ये वीस मिनिटांचा आराम, आणि जमलं तर सकाळी साडेसहाला. तापमान मोजायला कारखान्यात वापरतात तशी इन्फ्रारेड गन घ्या. कोरोनातली कपाळाची गन काढली होती मी कपाटातून. ती माणसाच्या तापापुरतीच असते, पुढचा आकडा दाखवतच नाही.

काळ्या रानात पहिल्या पावसानंतर ट्रक नेऊ नये. माती टायरला चिकटते, टायरवर टायर चढतो, चाकाचं वजन दुप्पट होतं आणि सगळा भार सर्वो व ड्राइव्ह शाफ्टवर येतो. वाळल्यावर ती टिकावानं काढल्यासारखी काढावी लागते. त्यापेक्षा मुरमाड जागा बघा.

शॉकअपमध्ये सिलिकॉन तेल असतं. उष्णतेनं ते पातळ होतं, म्हणून उन्हाळ्यात एका नंबरानं जाड घालतो. इंजिन ऑइल घालू नका, आतली रबराची ओ-रिंग फुगते. बरोबर जमलंय का बघायला ट्रक फूटभर उंचीवरून सपाट जमिनीवर सोडायचा: एकदा खाली बसून, एकदाच वर येऊन थांबला पाहिजे. चेंडूसारखा नाचला तर तेल पातळ, दगडासारखा पडला तर जाड.

डिफरन्शियलचं थोडक्यात. ते ताकद सोप्या वाटेनं पाठवतं, पाणी उताराला जावं तसं. एक चाक हवेत उचललं गेलं की सगळी ताकद त्या रिकाम्या चाकाला, आणि ट्रक जागेवर. आत जाड सिलिकॉन तेल भरलं की ही वाट जरा अवघड होते. दहा हजार सीएसटीपासून (तेलाच्या दाटपणाचं माप) सुरुवात करा, एकदम लाखावर जाऊ नका, नाहीतर ट्रक वळायचा थांबतो.

वेगात मऊ टायर फुगून पापडासारखा उभा होतो, त्याला बलूनिंग म्हणतात. रिमला टायर नीट चिकटलेला नसेल तर तो तिथूनच सुटतो. फेव्हिक्विकचे थेंब रिमच्या कडेनं सोडा, त्याआधी कडा स्पिरिटनं पुसा.

बॉडी

खऱ्या मॉन्स्टर ट्रकांची गोष्ट अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या बॉब चँडलरच्या 'बिगफूट'पासून सांगतात. १९७४ ची फोर्ड पिकअप, आणि १९८१ मध्ये तिनं शेतातल्या भंगार गाड्या चिरडल्या. पुढं या ट्रकांना ६६ इंची टायर आले, म्हणजे साडेपाच फूट, माणसाएवढे. १९८७ मध्ये जपानच्या तामियानं दोन मोटरींचा 'क्लॉड बस्टर' काढला आणि हे वेड रिमोटवाल्यांमध्येही पसरलं. भाच्याला यातलं काही नको होतं. त्याला बॉडीवर सोलापुरी चादरीची नक्षी हवी होती.

पारदर्शक पॉलिकार्बोनेटची बॉडी आतून रंगवतात, म्हणजे ओरखडे रंगावर पडत नाहीत. त्यासाठी पॉलिकार्बोनेटचाच रंग लागतो, साधा स्प्रे पोपडे धरतो. आतून रंगवायचं म्हणजे क्रम उलटा: जे सगळ्यात वर दिसायला हवं ते आधी. गडद आधी, फिकट नंतर. भाचा यात अडकला. मग मी घरातली चादर उलटी करून दाखवली, जिथं लाल तिथं पांढरं, जिथं पांढरं तिथं लाल. त्याला लगेच समजलं. मास्किंग टेपची मोराची पिसं कापायला त्याला दोन रविवार लागले. रंग वाळल्यावर आतून कोपऱ्यांना पीओपीवाले वापरतात ती जाळीची टेप आणि चपला चिकटवायचा लवचिक गम लावला, म्हणजे पहिल्या कोलांटीत बॉडी चिरत नाही.

मागच्या रविवारी सकाळी होटगी रोडपलीकडच्या माळावर गेलो. तीन सेल, १५ दातांचं पिनियन, स्टीलचे हेक्स, मूळचे प्लास्टिकचे आर्म. तिसऱ्या उडीला ट्रक तिरका उतरला आणि पुढचा उजवा आर्म मधोमध तुटला. भाच्यानं खिशातून एलन की काढली, डब्यातून नवा आर्म घेतला, खाली मांडी घालून बसला. दोन पिना, एक शॉकअपचा स्क्रू, एक बॉल जॉइंट. खोका तपासला, डिफरन्शियल हातानं फिरवून बघितलं. दहा मिनिटांत ट्रक परत धुळीत.